दुखणं कॉकचं, ऑपरेशन पिस्टनचं

यामाहाची आरएक्स-१०० बनायची थांबली ती १९९६ साली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यांत धाकटी आरएक्स-१००सुद्धा तिशीच्या घरात आहे, आणि तिच्यावरून कॉलेजच्या फाटकासमोर विनाकारण चार फेऱ्या मारणारा मुलगा बहुधा तिच्यापेक्षा लहान आहे. त्याच वर्षी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीलाही टाळं लागलं आणि जुन्या येझदीचा वंश तिथेच खुंटला. २०२२मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आलं खरं, पण ही नवी पिढी फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी आणि बटणावर सुरू होणारी. जुने येझदीवाले तिला आडनावबंधू मानतात, नातेवाईक मानत नाहीत.

या जुन्या गाड्या अजून चालतात. कशा चालतात, हे मात्र मालकाला विचारू नये. ‘एकदम टकाटक’ याशिवाय दुसरं उत्तर मिळत नाही. पुरावा म्हणून तो मीटर दाखवतो. मीटरची केबल कोणे एके काळी तुटलेली असते आणि नवी घालायची राहून गेलेली असते. त्यामुळे ४३ हजारांवर थांबलेला आकडा, आरसी बुकावरची नावं बदलली, पत्ते बदलले, तरी ४३ हजारांवरच असतो. विकणारा त्याकडे बोट दाखवून म्हणतो, “कमी चाललेली गाडी आहे, दादा.” घेणारा मान डोलावतो, कारण त्याने गाडी घ्यायचं घरून ठरवूनच आणलेलं असतं. तारांबळ उडते ती पहिल्या घाटात.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली अशी गाडी खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत कुरकुर न करता येते. चढ लागला की हळूहळू आवाज बदलतो. चौथ्या गिअरमधून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, आणि थोड्या वेळात उसाचा ट्रॅक्टर आपल्याला मागे टाकून गेला ही गोष्ट मालकाला मान्य करावी लागते. गाडी कडेला घेतली, पाच मिनिटं हातपाय झटकले, दोन किका मारल्या की गाडी पुन्हा झकास. पुढे दोन किलोमीटर गेलं की पुन्हा तीच रड.

ही लक्षणं ध्यानात ठेवावीत. लेखाचा निम्मा उलगडा त्यांच्यातच आहे. पण मराठी माणूस लक्षणांवर थांबत नाही, तो थेट निदानावर येतो.

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये परत आली की निदान मंडळ भरतं. या मंडळाला आमंत्रण लागत नाही. टूलकिट उघडल्याचा आवाज पुरतो. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त काका येतात, कारण त्यांच्याकडे १९७८ ते १९८४ राजदूत होती. त्यांचं मत प्लगचं असतं. जगातली कुठलीही मोटारसायकल, कुठल्याही कारणाने बंद पडो, काकांच्या मते प्लग काढून पॉलिश पेपरने घासला की ती सुरू झाली पाहिजे. दुधाच्या पिशव्या टाकणारा जाता जाता “कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय” असं सांगून जातो. हे निदान इतकं सर्वव्यापी आहे की ते सहसा खोटं ठरत नाही. जुन्या कार्बोरेटरमध्ये शोधलं तर कचरा सापडतोच. वॉचमन टाकीचं झाकण उघडून आत फुंकर मारतो. ही फुंकर अडाणीपणाची वाटते, पण तिच्यामागे तर्क आहे: टाकीत दाब वाढला की अडलेलं पेट्रोल पुढे सरकतं. मंडळात शास्त्राच्या सगळ्यांत जवळ तोच असतो आणि त्याचंच कुणी ऐकत नाही.

शेवटी कुणीतरी दोन्ही हात मागे बांधून, गाडीपासून तीन पावलं लांब उभं राहून म्हणतं, “इंजिन गेलं रे हिचं.”

आणि मालकाच्या चेहऱ्यावर दुःखाच्या आड एक छटा अशी असते की तिला समाधान म्हणायला हरकत नाही. इंजिन गेलं यात एक भारदस्तपणा आहे. ‘इंजिनचं काम काढलंय’ हे वाक्य ऑफिसात सांगता येतं. त्यावर लोक “किती लागले?” असं आदराने विचारतात. ‘कॉकचा वॉशर बदलला’ असं सांगितलं तर समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो. जुन्या गाडीची जेवढी इंजिनं विनाकारण उघडली गेली आहेत, त्यांच्या मुळाशी मेस्त्रीच्या लोभापेक्षा मालकाची ही हौस जास्त आहे, असं या क्षेत्रात थोडा वेळ काढलेल्या कुणालाही वाटू लागेल.

मेस्त्रीची भाषा ठरलेली आहे. कामाचे दोनच आकार: हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफ म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा. फुल म्हणजे त्याखालची क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगं, गिअरबॉक्स, सगळंच. यातलं नेमकं काय करावं लागेल असं विचारलं की तो हात पुसत म्हणतो, “उघडल्यावर सांगतो, साहेब.” एकदा उघडल्यावर साहेबांना सांगण्यासारखं काही उरत नाही, कारण ब्लॉक एका टेबलावर, पिस्टन दुसऱ्यावर आणि नट चहाच्या बशीत, अशा अवस्थेतली गाडी दुसऱ्या गॅरेजला नेता येत नाही.

इंजिन खरोखर घासतं, याबद्दल वाद नाही. आरएक्स-१०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवासही ५० मिलिमीटर. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यात फट असते ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. रिंगा लाखो वेळा वरखाली होऊन भिंत खातात, पण सारखी खात नाहीत. वरच्या टोकाला, जिथे रिंग क्षणभर थांबून मागे फिरते आणि जिथे उष्णता जास्त व तेल कमी असतं, तिथे झीज सगळ्यांत जास्त. म्हणून जुन्या ब्लॉकमध्ये वरच्या बाजूने बोट फिरवलं तर नखाला एक बारीक पायरी लागते. पिस्टन एका बाजूला जास्त रेटला जात असल्याने गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. डोळ्याला ते गोलच दिसतं. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं मापलं की खरं कळतं.

मग ब्लॉक बोअरिंगला जातो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गेलं की लेथ आणि बोअरिंगच्या आवाजातच हे सगळं समजतं. पुण्यात पिस्टन-रिंगा आणायला नाना पेठेत जायचं, दुकानदाराला फक्त आकडा सांगायचा. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा वाढीव मापांत मिळतात. दर वेळी सिलिंडर पाव मिलिमीटर मोठं करायचं आणि पुढच्या मापाचा पिस्टन घालायचा. म्हणजे इंजिनाच्या सगळ्या आयुष्याची पुंजी एक मिलिमीटर! ती संपली की नवी स्लीव्ह नाहीतर नवा ब्लॉक. मालकाने हौसेखातर एकदा विनाकारण बोअर मारून घेतला, तर त्या पुंजीचा चौथा हिस्सा कीस होऊन लेथखाली गेला. तो परत येत नाही.

म्हणून उघडण्याआधी बघायचं असतं, आणि बघायच्या रीती फार जुन्या व फुकटातल्या आहेत. पहिली रीत धूर. फोर-स्ट्रोक गाडीतून निळसर धूर येतो म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्यात रिंगांचा दोष नाही. निळा धूर रेस केल्यावर वाढत असेल तर संशय रिंगांवर. सकाळी पहिल्या किकला भक्कन येऊन मग थांबत असेल, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर येत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइडवर आणि सीलवर. इथे बुलेटवाल्यांची एक पळवाट आहे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये ऑइलची टाकी वेगळी असते आणि गाडी महिनाभर उभी राहिली की ते ऑइल झिरपत क्रँकच्या पोटात येऊन बसतं. मग सुरू केल्यावर गल्लीभर धूर. शेजारी खिडक्या लावतात, मालक घाबरतो, पण ऑइल टाकीत परत गेलं की धूर थांबतो. या धुरावर बोअर मारून घेतलेले लोक आहेत.

टू-स्ट्रोकमध्ये तर धुराचा नियमच उलटा. तिथे ऑइल पेट्रोलबरोबर जळण्यासाठीच घातलेलं असतं, त्यामुळे रिंगा घासल्या म्हणून धूर वाढत नाही. ताकद कमी होते. येझदीने अचानक पांढुरका दाट धूर सुरू केला आणि गिअरबॉक्समधलं ऑइल मात्र गायब होऊ लागलं, तर क्रँकची ऑइल सील गेलेली असते आणि इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळत असतं. सील रबराची. दोष जातो तो मात्र, रिवाजाप्रमाणे, रिंगांच्या नावावर.

दुसरी रीत कॉम्प्रेशनची. प्लग काढायचा, गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किका मारायच्या आणि आकडा बघायचा. फोर-स्ट्रोक असेल तर मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर फट रिंगांशी होती, ऑइलने ती तात्पुरती बुजवली. आकडा तेवढाच राहिला तर हवा व्हॉल्व्हमधून निसटते आहे. एका चमच्यात हेड आणि ब्लॉक यांचा वाटा ठरतो. मेस्त्रीकडे गेज नसेल तर बुलेटचा मालक नुसता किकवर उभा राहतो. ७० मिलिमीटर व्यासाचा तो पिस्टन दाबाला लागला की धडधाकट इंजिन माणसाला काही क्षण तसंच तोलून धरतं. घासलेलं इंजिन त्याला हळूहळू खाली उतरवतं. वजनदार मालकांना हा निकाल थोडा लवकर मिळतो, एवढाच या चाचणीचा दोष.

तिसरी रीत कानाची. मेस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो आणि मुठीकडची बाजू कानाशी धरतो. या वेळी त्याच्याशी बोलायचं नसतं. टोक हेडवर, मग ब्लॉकवर, मग खाली क्रँककेसवर. वर नुसती बारीक टकटक म्हणजे टॅपेट. थंड इंजिनात येणारी आणि तापल्यावर कमी होणारी खटखट म्हणजे पिस्टन सैल. खालून, भार पडल्यावर येणारे जड ठोके म्हणजे कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग, आणि हे ऐकल्यावर गाडी चालवत घरी नेऊ नये. गॅरेजमधला पोरगा हे सगळं बघत असतो आणि गिऱ्हाइकाची पाठ फिरली की तोच स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून भिंतीवरचं घड्याळ ऐकतो.

आता खंबाटकीतल्या गाडीकडे वळू. तिच्यात यातलं एकही लक्षण नव्हतं. आणि घासलेल्या रिंगा रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं बसून बऱ्या होत नाहीत.

पाच मिनिटांत जर काही होत असेल तर ते एवढंच: कार्बोरेटरची वाटी पुन्हा भरते. सपाटीवर इंजिन जेवढं पेट्रोल मागतं तेवढं कसंबसं येत असतं. चढावर मागणी वाढते, येणारी धार तेवढीच राहते, वाटी रिकामी होत जाते आणि गाडी दम सोडते. इग्निशन कॉइल तापूनही गाडी बंद पडते, पण ती बत्ती गेल्यासारखी एकदम. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी नाराज होते, मग मिसिंग मारते, मग बंद पडते. त्या नाराजीच्या वेळी चोक किंचित ओढून बघावा. गाडी क्षणभर सावरली तर तिला पेट्रोल हवं आहे, पिस्टन नको.

आणि हे पेट्रोल अडतं कुठे? टाकीच्या खाली, डाव्या मांडीजवळ, ज्या चिमुकल्या चावीकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं, तिथे. पेट्रोल कॉक. ऑन, ऑफ, रिझर्व्ह.

कॉकची रचना इतकी साधी आहे की तिच्यावर कुणी संशय घेत नाही. त्याची एक उभी नळी टाकीच्या पोटात वर गेलेली असते. ऑनला पेट्रोल त्या नळीच्या टोकातून येतं. पातळी टोकाच्या खाली गेली की गाडी आचके देते; तेव्हा चावी फिरवली की पेट्रोल तळाजवळच्या भोकातून येऊ लागतं. रिझर्व्ह म्हणून वेगळी टाकी कुठेही नसते. ती कुठे बसवलेली असते यावर पैजा लावलेली माणसं या महाराष्ट्रात आहेत. चावीच्या मागे, दोन बारीक स्क्रूंच्या पत्र्याखाली, बोटाच्या पेराएवढा भोकं पाडलेला एक रबरी वॉशर असतो आणि सगळा कारभार त्याच्यावर चालतो. वॉशरचं भोक समोर आलं की पेट्रोल सुरू, सरकलं की बंद.

हा वॉशर वयाप्रमाणे दोनपैकी एका दिशेने बिघडतो. कडक होऊन चिरला तर चावी ऑफला असतानाही पेट्रोल गळतं. फुगला तर भोकं आक्रसतात आणि ऑनला असतानाही पेट्रोल पुरेसं येत नाही. त्यात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपावर येऊ लागलं. हे इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि ज्या काळात त्याची कल्पनाही नव्हती त्या काळच्या रबराशी त्याचं जमत नाही. त्यातलं काही उसापासून बनतं. तेव्हा घाटात ज्या ट्रॅक्टरने आपल्याला मागे टाकलं, त्याच्या ट्रॉलीतला माल आधीच आपल्या टाकीत पोचलेला असण्याची शक्यता आहे. टाकीतही आणि वॉशरमध्येही.

तपासणीला लागते एक रिकामी बाटली. कार्बोरेटरला जाणारी नळी काढायची, बाटलीत सोडायची, चावी ऑनला करायची आणि बघत राहायचं. सलग, जोरकस धार हवी. आधी धार आणि मग थेंब थेंब, असं झालं की झाकण उघडून बघावं. ‘फुस्स’ आवाज होऊन धार पुन्हा सुरू झाली तर कॉक निर्दोष आहे; झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नसेल तर पेट्रोल खाली येणार कसं? पावसाळ्यात झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवायची चाल कोकणापासून विदर्भापर्यंत आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून केलेला हा बंदोबस्त हवाही आत जाऊ देत नाही, आणि मग ती पिशवी तशीच ठेवून ब्लॉक बोअरिंगला जातो. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली, तर आरोपी कॉक. मग रिझर्व्हला फिरवून बघावं. तिथे धार नीट असेल तर उभी नळी किंवा तिच्या बाजूचं भोक तुंबलंय.

कॉकच्या खाली बहुतेक जुन्या गाड्यांत एक छोटी वाटी असते. ती पान्याने सोडवून तळहातावर ओतली की टाकीचं चरित्र समोर येतं. तांबूस भुकटी म्हणजे टाकी आतून गंजली. तळाशी काचेच्या मण्यासारखे सुटे थेंब म्हणजे पाणी. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं. गंज निघाला तर टाकी उतरवून आत मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून हलवायची पद्धत आहे. दोन माणसं दोन्ही बाजूंनी टाकी धरून पंधरा मिनिटं हलवतात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना हे कुठलं नवीन वाद्य असा प्रश्न पडतो. आत टाकताना नट मोजून टाकावेत. काढताना एक कमी भरतोच, आणि तो पुढच्या गतिरोधकावर आपण कुठे आहोत ते कळवतो.

इथवर वाटेल की कॉक बिघडला तर फार तर गाडी थांबेल. पण खरी गंमत पुढेच आहे. कॉक नुसतं इंजिन गेल्याचं सोंग आणत नाही, तो खरोखर इंजिन घालवतो. आणि तो हे काम दोन्ही बाजूंनी करतो, तुंबूनही आणि गळूनही.

बहुतेक येझदी आणि राजदूत यांच्यात टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. वेगळा पंप नाही, वेगळी टाकी नाही. म्हणजे कॉकने पेट्रोल अडवलं की त्याच मापाने ऑइलही अडलं. घाटात, पूर्ण थ्रॉटलवर, ज्या क्षणी पिस्टनला सगळ्यांत जास्त वंगण हवं, त्याच क्षणी ते कमी पडतं. शिवाय पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं मिश्रण जास्त तापतं. पिस्टन फुगतो, सिलिंडर पकडतो आणि मागचं चाक ब्रेक न लावता जाम होतं. तेवढ्यात क्लच ओढायचं सुचलं तर बरं. मग ब्लॉक उघडतात, पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात, बोअर मारतात, पिस्टन बदलतात, आणि ज्या कॉकमुळे हे झालं तो पुसून पुन्हा जागेवर बसवतात. नवा पिस्टनही पुढच्या घाटात पकडला की मेस्त्री म्हणतो, “माल डुप्लिकेट निघाला, साहेब.”

गळण्याची कथा फोर-स्ट्रोकवाल्यांची. हीरो होंडाची सीडी-१०० आली १९८५ला. ‘पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा’ अशा अर्थाची तिची इंग्रजी जाहिरात होती आणि भारतीय गिऱ्हाइकाने ती अक्षरशः पाळली. तो चावीसुद्धा विसरला. एरवी कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई पेट्रोल थोपवून धरते. सुई घासली असेल, चावी रात्रभर उघडी असेल किंवा वॉशर चिरला असेल, तर पेट्रोल वाटी भरून ओसंडतं. नशीब असेल तर ते ओव्हरफ्लोच्या नळीतून फरशीवर पडतं आणि वास येतो. नशीब नसेल तर ते सिलिंडरमध्ये उतरतं, रिंगांच्या बाजूने झिरपतं आणि खाली ऑइलमध्ये जाऊन मिसळतं.

मग एके रविवारी मालक डिपस्टिक काढून बघतो आणि खूश होतो. ऑइल कमी झालेलंच नाही! उलट जरा वर आहे. “बघा, थेंबभर ऑइल खात नाही आपली गाडी,” असं तो काकांना सांगतो. काकाही मान्य करतात, त्यांची राजदूत तर ऑइल पिऊनच चालायची. ऑइल आपोआप वाढण्याचा चमत्कार जगात कुठेही होत नाही, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. ती डिपस्टिक नाकाजवळ नेली असती तर पेट्रोलचा वास आला असता. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं आणि कॅम यांच्यावर टिकत नाही, आणि पुढच्या काही महिन्यांत रिंगा, कॅम, बेअरिंगं खरोखरच घासतात. मंडळाने आधीच दिलेला निकाल शेवटी खरा ठरतो. “मी तेव्हाच म्हटलं होतं,” असं ते तीन पावलं लांब उभे राहणारे गृहस्थ म्हणतात, आणि त्यांना खोडून काढता येत नाही.

चावी बंद करण्याची शिस्त असलेली एक पिढी होती. त्या पिढीतले आजोबा घराच्या अलीकडे दोनशे पावलांवर चालत्या गाडीतच वाकून कॉक बंद करत, म्हणजे वाटीतलं पेट्रोल दारापर्यंत पुरून थोडंच उरे. हा अंदाज त्यांना रोज बरोबर लागे. चावी हेच त्यांचं कुलूपही होतं. गाडी पळवणारा वाटीतल्या पेट्रोलवर चौकापर्यंत जाणार, तिथे ती बंद पडणार आणि तो किका मारून घामाघूम होणार, असा हिशेब. चोर किती सापडले कोण जाणे. पण त्या चौकात नातू मात्र हमखास सापडे. आज ज्या नातवाकडे २०२० नंतरची बीएस-६ गाडी आहे, त्याच्या गाडीत बहुधा इंजेक्शन आहे आणि कॉकच नाही. त्याला आजोबांची गाडी चालवायला दिली की तो सिग्नलला बंद पडलेल्या गाडीवर बसून घरी फोन करतो: “आजोबा, हिचं इंजिन गेलं वाटतं.”

कायम रिझर्व्हवरच गाडी चालवणारे आणि जन्मात रिझर्व्ह न लावणारे, हे आणखी दोन पंथ. पहिल्याला संकटकाळी रिझर्व्ह उरत नाही, आणि तळाचा गाळ सगळ्यांत आधी त्याच्याच कार्बोरेटरमध्ये येतो. दुसऱ्याची चावी वर्षानुवर्षं एका जागी राहून चिकटते. ज्या दिवशी पहिल्यांदा गरज पडते त्या दिवशी पक्कड लावावी लागते आणि चावी हातात येते.

जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यांनी एवढं करावं. विकणाऱ्याला इंजिन थंड ठेवायला सांगावं. पोचल्यावर इंजिन गरम लागलं तर चहा घेऊन परत यावं. सोबत रिकामी बाटली न्यावी. डिपस्टिक बघावी आणि हुंगावीही. गाडी आधीच घेतली असेल आणि ती चढावर दम सोडत असेल, तर झाकण, नळी, वाटी, वॉशर या क्रमाने घरीच बघून मग गॅरेजला जावं. त्यानंतरही मेस्त्रीने इंजिन उघडायचंच म्हटलं तर आधी कॉम्प्रेशनचा आकडा मागावा, आणि काम झाल्यावर जुना पिस्टन, रिंगा आणि कॉकचा वॉशर कागदात बांधून परत घ्यावेत. जुना वॉशर मिळाला नाही, तर तो बदललेला नाही.